हॅवलॉकचा ओपन वॉटर कोर्स, भाच्यासोबत

सोमवार

पोर्ट ब्लेअरचं नाव 2024 मध्ये श्री विजयपुरम झालं आणि हॅवलॉकचं 2018 पासून स्वराज द्वीप, पण रिक्षावाल्यापासून फेरीवरच्या पोरांपर्यंत सगळे बोलताना जुनंच नाव घेतात म्हणून मीपण तेच लिहितेय, समजून घ्या. फेरीत एसी इतका की बाहेर ऊन रणरणतंय आणि आत आम्ही शाल पांघरून बसलोय. दीड-दोन तासांत हॅवलॉकची जेटी आली. सोबत ताईचा मुलगा, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, यापुढे त्याला चिरंजीव म्हणते. त्याचं म्हणणं होतं मावशी तू नुसती चल, बीचवर पुस्तक वाच, स्कुबा डायव्हिंगचा कोर्स मी करतो. म्हटलं वा रे वा, पैसे माझे आणि बीचवर बसायचं पण मीच.

तारकर्ली-मालवणला जाऊन आपल्यापैकी बऱ्याच जणांनी 'स्कुबा केलंय', मीपण केलंय. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास बोट थांबते, पाठीला सिलेंडर बांधतात, एक मुलगा मागून आपल्याला धरून खाली नेतो, मासे, व्हिडिओ, वर. मजा येते, नाही असं नाही. पण हवा किती उरली, किती खोल आलो, वर कधी जायचं हे सगळं तो मुलगा बघत असतो, आपण फक्त श्वास घ्यायचा आणि कॅमेऱ्याकडे बघायचं. ओपन वॉटर कोर्समध्ये हे सगळं आपल्या अंगावर येतं, कारण कोर्स पास झाल्याचं कार्ड हातात आलं की आपल्यासारख्याच दुसऱ्या सर्टिफाइड माणसाबरोबर, म्हणजे बडीबरोबर, 18 मीटरपर्यंत इन्स्ट्रक्टरशिवाय जायची परवानगी असते. त्यामुळे शिकवतात पण त्याच हिशोबाने, आणि मासे दाखवणं हा त्यातला सगळ्यात छोटा भाग.

संध्याकाळी सेंटरवर कागदपत्रं. इथे एक गोष्ट आधी सांगून टाकते. मेडिकल फॉर्म असतो, दमा, हृदय, कान, सायनस, फिट्स, ऑपरेशनं, चालू गोळ्या असं सगळं विचारतात, आणि कुठेही 'हो' आलं तर बहुतेक वेळा डॉक्टरची सही आणल्याशिवाय पाण्यात घेत नाहीत. मला बीपीची गोळी चालू आहे म्हणून मी डोंबिवलीहूनच सही घेऊन आले होते. आमच्या बॅचला इंदूरचं एक जोडपं होतं, त्यातल्या नवऱ्याला लहानपणी दमा होता, तर त्याला सही आणायला बेटावर डॉक्टर शोधत फिरावं लागलं. बायको म्हणे 'नहीं लिख देते तो क्या होता'. आमची इन्स्ट्रक्टर, बेंगळुरूची, आधी आयटीत होती, ती शांतपणे म्हणाली, फॉर्म माझ्यासाठी नाहीये, खाली काही झालं तर तुमच्यासाठी आहे. तिला आम्ही सगळे मॅडम म्हणायचो, वयाने माझ्याहून लहान होती तरी.

मंगळवार

अंदमानात पहाटे पाचला लख्ख उजाडतं आणि संध्याकाळी साडेपाचला अंधार, घड्याळ आपलंच पण सूर्य पार पूर्वेचा. सकाळी आधी पोहायची परीक्षा, 200 मीटर न थांबता, कुठलाही स्ट्रोक, वेळेचं बंधन नाही, आणि मग दहा मिनिटं नुसतं तरंगत राहायचं. चिरंजीव कॉलेजच्या स्विमिंग टीममधले, भराभर जाऊन आले. मी आपली ब्रेस्टस्ट्रोकने डुलत डुलत गेले. तेव्हा तो इतका खूश होता बिचारा.

मग किट जोडणं, आणि हे मला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी आवडलं. सिलेंडरच्या तोंडाशी एक बारीकशी काळी रबरी ओ-रिंग असते, ती आहे ना, तिला चीर नाही ना हे आधी बोट फिरवून बघायचं. मग बीसीडी, म्हणजे ते हवा भरायचं जॅकेट, त्याचा पट्टा टाकीला आवळायचा, उचलून हलवून बघायचं, घसरला तर परत. मग रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडापर्यंत आणणारं यंत्र, बसवायचा, त्याला चार नळ्या, एक आपल्या तोंडासाठी, एक पिवळी दुसऱ्याला द्यायला, एक हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजला आणि एक जॅकेटला. व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा आणि गेजची काच आपल्या तोंडासमोर धरायची नाही. काटा 200 बारला आला की झालं असं मला वाटलं तर मॅडम म्हणाल्या आता रेग्युलेटरमधून तीन-चार श्वास घ्या आणि काट्याकडे बघत राहा. श्वास घेताना काटा खाली-वर नाचला तर व्हॉल्व्ह अर्धवटच उघडलाय. पाण्याबाहेर कळणार नाही, खाली खोलवर गेल्यावर हवा कमी पडायला लागेल. इतकी साधी तपासणी आणि इतकी महत्त्वाची.

पाण्यात आधी फक्त छातीभर खोलीत गुडघ्यांवर बसून श्वास. रेग्युलेटर तोंडातून काढायचा, परत घालायचा, आतलं पाणी फुंकून बाहेर टाकायचं, फुंकायला हवाच नसेल तर पुढचं बटण दाबायचं. मग तो मागे फेकून द्यायचा, उजवीकडे झुकून हात मांडीपासून मागे आणि मग पुढे असा गोल फिरवून नळी पकडायची. हे सगळं करताना तोंडात काही नसतं तेव्हा ओठांतून बारीक बुडबुडे सोडत राहायचे. श्वास धरायचा नाही, कधीच नाही. अख्ख्या कोर्समध्ये एक नियम पाठ करायचा असेल तर हा.

का, ते अकरावीतल्या बॉइलच्या नियमात आहे. वर एक बार दाब, 10 मीटरवर दोन बार, 20 वर तीन. 10 मीटरवर छाती भरून श्वास घेतला आणि तो धरून वर आलात तर तीच हवा दुप्पट जागा मागते, आणि फुप्फुसात तेवढी जागा नसते. त्यात सगळ्यात मोठा फरक पडतो तो शेवटच्या दहा मीटरमध्येच, म्हणजे उथळ आहे म्हणून निर्धास्त असं काही नाही, छाती भरलेली असताना सव्वा-दीड मीटर वर येणंही इजा करायला पुरतं. म्हणून पाच फुटांच्या पाण्यातसुद्धा मॅडम बुडबुडे दिसले नाहीत की मांडीवर टपली मारत होत्या.

दुपारी मास्क. हे सविस्तर सांगते कारण सगळ्यांची तंतरते ती इथेच.

आधी मास्कमध्ये अर्धं पाणी घ्यायचं. वरची कडा कपाळाला दाबायची, मान थोडी वर, आणि नाकाने हळू लांब श्वास सोडायचा, पाणी खालच्या कडेने निघून जातं. झालं. मग पूर्ण भरायचा. मग मास्क काढूनच टाकायचा आणि मिनिटभर तसंच बसून राहायचं, नाक उघडं, तोंडात रेग्युलेटर. खारं पाणी नाकपुड्यांशी येऊन थांबतं आणि डोक्यातलं काहीतरी जुनं, शिक्षणाबिक्षणाच्या आधीचं, ओरडायला लागतं की ऊठ, वर जा. पाच फूट पाणी, नुसतं उभं राहिलं तरी डोकं बाहेर येईल, आणि नेमकं तेच करायचं नाही. तोंडाने आत, तोंडाने बाहेर. मॅडमनी माझ्या जॅकेटचा खांद्याचा पट्टा धरून ठेवला होता, आधार म्हणून कमी आणि मी रॉकेटसारखी वर सुटू नये म्हणून जास्त. चिरंजीव मात्र सुटले. फर्स्ट क्लास स्विमर, पण त्याला सवय नाकाने हवा सोडून डोकं वर काढायची, तर मास्क निघाल्या निघाल्या दोन पायांवर उभा, खोकतोय, डोळे लाल. मॅडमनी ना रागावलं ना समजूत काढली, म्हणाल्या 'ऊपर कुछ नहीं रखा है, हवा तो तुम्हारे मुँह में है', आणि परत खाली बसवलं. पुन्हा उठला. पुन्हा बसवलं. शेवटी जमलं तेव्हा पाण्याखाली त्याने मला दोन्ही अंगठे वर करून दाखवले, ज्याचा इथे अर्थ 'मी वर चाललो' असा होतो, ठीक आहे म्हणायला अंगठा आणि तर्जनीचा गोल करायचा असतो, तर मॅडम त्याला घेऊन खरंच वर गेल्या. संध्याकाळभर मी त्याला अंगठा दाखवत होते.

चष्मेवाल्यांनी आधीच सांगून ठेवा, नंबरचे मास्क मिळतात.

बुधवार

सकाळी हवा संपल्याची तालीम. मॅडम मागून टाकी बंद करतात, दोन श्वासांत रेग्युलेटर जड होतो आणि मग येतच नाही काही, तेव्हा गळ्यावरून आडवा हात फिरवून खूण करायची, लगेच टाकी उघडतात. ही भावना एकदा अनुभवलेली बरी. मग तीच खूण बडीला करून त्याचा पिवळा रेग्युलेटर घ्यायचा, एकमेकांचे हात धरायचे, दोघांनी ओके म्हणायचं आणि एकत्र वर. इथे लक्षात आलं की बडी म्हणजे नुसता फोटोपुरता सोबती नाही, त्याच्या पाठीवर तुमची दुसरी टाकी आहे. तो वीस फुटांवर मासे बघत बसला असेल तर ती टाकी असून नसून सारखी. यावरून आमचं मावशी-भाचा कडाक्याचं वाजलं, कारण हा पुढे पळतो. 'अगं मी मागे बघत होतो ना' म्हणे. कधी बघत होतास रे?

हवेत तरंगल्यासारखं एका जागी स्थिर राहणं पण सकाळीच, वरही जायचं नाही खालीही नाही, फक्त श्वासावर. श्वास घेतला की अंगभर वर, सोडला की खाली, पण दीड-दोन सेकंदांनी, आणि तेवढा धीर नसला की माणूस जॅकेटची बटणं दाबत बसतो नि यो-यो होतो. चिरंजीव हात मारत होते. मॅडमनी त्याला स्वतःचे दोन्ही हात पोटावर बांधून ठेवायला सांगितलं.

दुपारी दोन नंबर बीचवरून नेमो रीफला पहिला खरा डाइव्ह, किनाऱ्यावरूनच चालत आत. कान इथे लागतात. दर मीटरला, दुखायच्या आधीच, नाक दाबून हळूच फुंकायचं, कानात टिक होतं. दुखायला लागल्यावर फुंकून उपयोग नाही, मीटरभर वर यायचं, परत प्रयत्न, जोर लावायचा नाही, कानाचा पडदा जातो. इंदूरवाल्या भाऊंना फेरीतल्या त्या एसीनेच सर्दी झाली होती, तीन मीटरवर हात हलवून कानाकडे दाखवायला लागले. मॅडमनी त्यांना दोरीला धरून वर-खाली करत किती वेळ दिला, आम्ही खाली दुसऱ्या इन्स्ट्रक्टरजवळ वाळूत बसून होतो. शेवटी त्यांचा डाइव्ह रद्द. वर आल्यावर ते म्हणाले गोळी घेऊन उद्या येतो, तर नाहीच म्हणाल्या, गोळीचा असर खाली असतानाच उतरला तर जाताना मोकळे झालेले कान येताना बंद होतात, आणि तेव्हा वर तर यावंच लागतं. पैशांवरून थोडी कुरबुर झाली. माझं मत विचाराल तर सेंटर निवडताना हेच बघा, 'नाही' म्हणायची त्यांची तयारी आहे का.

गुरुवार

बोट. बोटीवरचे दोघं कारेन समाजाचे, मायाबंदरकडचे, त्यांच्या पणजोबांना ब्रिटिशांनी 1925 च्या सुमारास बर्मातून आणून वसवलं. इथल्या डायव्हिंगच्या धंद्यात ही मंडळी सुरुवातीपासून आहेत, पाणी बघून करंट सांगतात. त्यातल्या मोठ्याने पाण्यात नुसती नजर टाकून मॅडमना काहीतरी सांगितलं आणि बोट शंभरेक मीटर सरकवली.

उडी मारायच्या आधी बडीची तपासणी, जॅकेट फुगतं का, वजनांचा पट्टा उजव्या हाताने सुटेल असा आहे का, सगळे बकल, हवा, आणि शेवटी डोक्यापासून पायापर्यंत एक नजर. चिरंजीवांनी माझा व्हॉल्व्ह तपासला, काट्याकडे बघत श्वास घ्यायला लावला, अगदी मॅडमच्या सुरात. बरं वाटलं.

मग मागे पाठीवर पडायचं, एक हात मास्क आणि रेग्युलेटरवर. पडताना पोटात गोळा येतो, नंतर काही नाही.

आज 12 मीटरची मर्यादा. पाच-सहा मीटरलाच लाल रंग जायला लागतो, माझ्या स्विमसूटचा लाल पट्टा मळकट तपकिरी दिसत होता. खाली क्लाउनफिश, एक लायनफिश प्रवाळाच्या कपारीत, पोपटमासे खडक कुरतडतात त्याचा कुर्र आवाज, आवाज पाण्यात चौपट वेगाने येतो त्यामुळे कुठून येतोय ते कळतच नाही. एक मोठा ट्रिगरफिश आपल्या घरट्यावर होता, मॅडमनी लांबूनच वळवलं, तो घरट्याच्या वर शंकूसारखी हद्द सांभाळतो म्हणून त्याच्यापासून वर पळायचं नाही, आडवं निघून जायचं. परत तेच, वर नाही! प्रवाळ बरंचसं मेलेलं करडं पण दिसलं, 2010 ला अंदमानात पाणी तापून मोठं ब्लीचिंग, म्हणजे प्रवाळ पांढरं पडणं, झालं होतं आणि त्यानंतरही झालंय. हात कशालाच लावायचा नाही, आणि प्रवाळाचा तुकडा बॅगेत टाकायचा मोह तर अजिबात नको, वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, विमानतळावर बॅगा तपासतात.

वाळूत बसून मास्क वगैरे सगळं परत करून दाखवलं. चिरंजीवांनी मास्क काढला, मिनिटभर शांत बसला, घातला, ओके. मग हवेचे आकडे दाखवायचे होते. माझे 90 बार, त्याचे 60. तरणाताठा पोरगा, एवढे हात मारल्यावर हवा उरणार कुठून. 50 बार उरायच्या आत सगळे वर पाहिजेत असा नियम, त्यामुळे त्याच्यामुळे माझाही डाइव्ह संपला, बडीपद्धतीत ज्याची हवा कमी त्याच्या घड्याळावर सगळे.

शुक्रवार

शेवटचे डाइव्ह, 18 मीटर. तिथे दाब वरच्या पावणेतीनपट, म्हणजे प्रत्येक श्वासाला हवाही तेवढीच जास्त लागते, काटा खाली येताना दिसतो चक्क.

आणि आज ती इमर्जन्सीची चढण. समजा हवा संपली, बडी हाताशी नाही, तर सहा ते नऊ मीटरवरून एका श्वासात वर. रेग्युलेटर तोंडातून काढायचा नाही, एक हात डोक्यावर, वर बघायचं आणि पूर्ण वाटभर 'आऽऽऽ' असा आवाज करत हवा सोडायची, थांबायचं नाही आणि घाई पण नाही, मिनिटाला 18 मीटर ही वेगाची वरची मर्यादा, म्हणजे नऊ मीटरला अर्धा मिनिट. अर्धा मिनिट एका उच्छ्वासावर! ऐकून वाटतं अशक्य, पण वर येताना फुप्फुसातली हवा फुगतच असते त्यामुळे आऽऽऽ संपतच नाही. मी वर पोचले तरी आवाज चालूच, बोटीवरचे हसायला लागले. वर आल्यावर टाकी रिकामी आहे असं धरून जॅकेट तोंडाने फुगवायचं, ते मात्र दमवतं.

एरवीच्या डाइव्हला पाच मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप, दाबाखाली अंगात मुरलेला नायट्रोजन थोडा निघून जायला. तीन मिनिटं बोटीचा तळ दिसतोय, ऊन दिसतंय, आणि आपण तिथेच. मंगळवारी हे कोणी करायला सांगितलं असतं तर मी सांगणाऱ्याला वेड्यात काढलं असतं.

लेखी परीक्षा 50 प्रश्नांची, 75 टक्क्यांना पास. तिथे माझे मार्क चिरंजीवांपेक्षा जास्त आले हे ताईला मेसेज करून कळवलं.

इंदूरच्या भाऊंची सर्दी उतरली नाही. त्यांचा अर्धा कोर्स झाल्याचा कागद मॅडमनी दिलाय, उरलेले डाइव्ह दुसरीकडे पूर्ण करता येतात. बायको पास झाली आणि ती बोटीवर सारखी 'आप भी कर लोगे जी' म्हणत होती, त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

शनिवार, रविवार

एकापेक्षा जास्त दिवस डाइव्ह केल्यावर विमानात बसायच्या आधी निदान 18 तास थांबायचं असतं, केबिनमधला दाब कमी असतो आणि अंगात राहिलेला नायट्रोजन बुडबुडे धरू शकतो. अंदमानच्या सहली लावणारे लोक हे सर्रास विसरतात, शेवटच्या दिवशी सकाळी स्कुबा आणि दुपारचं विमान असले प्लॅन मी स्वतः बघितलेत. आम्ही शनिवार मुद्दाम मोकळा ठेवला होता. पोर्ट ब्लेअरला परत आलो आणि सेल्युलर जेल. मूळच्या सात इमारतींपैकी तीन उरल्यात. सावरकर 1911 ते 1921 इथे होते, बाबाराव पण इथेच, आणि कित्येक महिने एकमेकांचं तोंड दिसलं नाही दोघांना. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या कोठडीसमोर पुण्याची एक अख्खी बस उभी होती, त्यात एका आजोबांनी चिरंजीवांना पकडून पाऊण तास इतिहास सांगितला. मी सावलीत बसून घेतलं.

कोर्सचे साधारण 30 हजारांच्या आसपास धरा, राहणं-खाणं-विमान वेगळं. कार्ड हल्ली मोबाइलवरच येतं, त्याला मुदत नसते, पण सहा महिने-वर्षभर पाण्यात गेला नाहीत तर रिफ्रेशर करून घ्या, चांगली सेंटरं तसंही विचारतात. मे अखेरपासून पावसाळाभर समुद्र खवळलेला, त्यामुळे ऑक्टोबर ते मे.

लॉगबुकमध्ये प्रत्येक डाइव्हवर बडीची सही लागते. चिरंजीवांनी नावाच्या जागी सगळीकडे नुसतं 'मावशी' लिहिलंय. पावसाळा संपला की कर्नाटकातलं नेत्राणी बेट करू म्हणतोय, कोकण रेल्वेने मुरुडेश्वर आणि तिथून बोट. ताईला अजून सांगितलेलं नाही.